बालहक्क : वचन आणि साक्षीदार

हजेरी घेतांना आम्ही एखाद्या मुलाचें नांव पुकारतों आणि उत्तर येत नाहीं. एक दिवस जातो, आठवडा जातो; चौकशी करावी तों कळतें कीं, मुलगा कोठें तरी कामास लागला आहे. एकदां अशी चौकशी करण्यास आम्हांस पंधरा दिवस लागले. तोंवर तो मुलगा गांव सोडून गेला होता, आणि हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा तेवढ्या उरल्या. हाच प्रसंग साऱ्या जगाएवढा मोठा करून पाहिला, म्हणजे प्रस्तुत विषयाचें मर्म विद्यार्थीमित्रांच्या ध्यानांत येईल. सरकारांनीं मुलांना दिलेलीं वचनें पाळलीं जातात कीं नाहीं, याची चौकशी कोणीं करावी ?

या कामाचा आरंभ खासगी व्यक्तींनीं केला. इ. स. १९१९ मध्यें, पहिलें महायुद्ध थांबलें असतांही दोस्त राष्ट्रांची नाकेबंदी उठली नव्हती आणि पराभूत देशांतील मुलें अन्नावांचून झुरत होतीं. एग्लंटाइन जेब या एके काळच्या शिक्षिकाबाईंनीं लंडनच्या ट्रफल्गार चौकांत त्यांविषयीं पत्रकें वांटलीं. त्याबद्दल त्यांस अटक होऊन पांच पौंड दंड झाला. त्याच वर्षीं त्यांनीं व त्यांच्या भगिनी डोरोथी बक्स्टन यांनीं ‘सेव्ह द चिल्ड्रेन’ हा निधि उभारला. पुढें १९२३ सालीं जेबबाईंनीं मुलांच्या हक्कांची पांचकलमी सनद रचली व १९२४ मध्यें राष्ट्रसंघानें ती मान्य केली.

तथापि त्या सनदेनें कोणतेंही सरकार बांधलें गेलें नव्हतें. १९७८ सालीं पोलंडनें बंधनकारक कराराची सूचना संयुक्त राष्ट्रसंघापुढें मांडली. मसुद्याचें काम अनेक वर्षें चाललें. १९८३ मध्यें बिनसरकारी संस्थांनीं आपला एक गट स्थापून त्यांत भाग घेतला. अखेर २० नोव्हेंबर १९८९ रोजीं बालहक्क करारनामा मंजूर झाला. त्याचीं कलमें ५४ असून आज १९६ पक्षांनीं तो पत्करला आहे. भारतानें तो ११ डिसेंबर १९९२ रोजीं स्वीकारला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनीं मात्र सही करूनही त्यास अद्याप अंतिम मान्यता दिलेली नाहीं.

आतां देखरेख कशी चालते तें पाहूं. जिनीव्हा येथें १८ तज्ज्ञांची एक समिति आहे. प्रत्येक सरकारनें करार स्वीकारल्यावर दोन वर्षांत पहिला व त्यानंतर दर पांच वर्षांनीं पुढील अहवाल तिला सादर करावा, असें करारनाम्यांत सांगितलें आहे. परंतु विद्यार्थ्यानें आपला पेपर आपणच तपासला, तर गुण किती पडतील हें सांगणें नलगे ! म्हणून ४५ व्या कलमानें अन्य जाणकार संस्थांचा सल्ला घेण्याची मुभा समितीस दिली आहे. या दारानें बिनसरकारी संस्था आंत येतात. एका देशांतील अनेक संस्था एकत्र होऊन शाळा, अनाथालयें, न्यायालयें, कारखाने येथील माहिती गोळा करितात व आपला पर्यायी अहवाल धाडतात. सरकारी प्रतिनिधींस प्रश्न विचारण्यापूर्वीं समिति या संस्थांशीं, आणि प्रसंगीं खुद्द मुलांशींही, खासगी बैठकींत बोलते. १९८३ चा तोच गट आज ‘चाइल्ड राइट्स कनेक्ट’ या नांवानें दूरदूरच्या लहान संस्थांना जिनीव्हाची वाट दाखवितो. समितीजवळ शिपाई नाहींत, तुरुंग नाहीं. ती दोष दाखवून शिफारशी करिते. त्या शिफारशी मायदेशीं नेऊन विधिमंडळापुढें व वृत्तपत्रांपुढें वारंवार ठेवणें हेंही याच संस्थांचें काम.

कोणी म्हणेल, एवढ्यानें काय साधतें ? १९९८ सालीं बालमजुरीविरुद्ध एक जागतिक यात्रा निघाली. श्री. कैलास सत्यार्थी हे तिचे अग्रणी. जानेवारींत मनिला येथून निघालेली ही यात्रा अनेक देश ओलांडून जूनमध्यें, आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेच्या वेळीं, जिनीव्हास पोंचली. पूर्वीं मजुरी केलेलीं मुलें तींत होतीं. पुढच्याच वर्षीं बालमजुरीच्या अत्यंत घातक प्रकारांविरुद्ध परिषदेनें १८२ वा करार मंजूर केला. भारतानें तो २०१७ मध्यें स्वीकारला, आणि २०२० मध्यें आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेचा एकही सभासद देश त्याबाहेर उरला नाहीं. सह्या झाल्या, तरी मजुरी संपलेली नाहीं. म्हणून साक्षीदारांची गरजही संपलेली नाहीं. मात्र साक्षीदारानेंही जपावें लागतें. ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून मांडली, तर एक खोटें शंभर खऱ्यांचा घात करितें. या संस्थांजवळ सत्ता नाहीं. सत्य हीच त्यांची पुंजी.

आपल्या मुंबईंतही १९९६ सालीं टाटा समाजविज्ञान संस्थेच्या आश्रयानें संकटांतील मुलांसाठीं १०९८ हा दूरध्वनि सुरू झाला. तो पुढें देशभर पसरला आणि २०२३ मध्यें सरकारनें तो आपल्या व्यवस्थेंत घेतला. हा आंकडा प्रत्येक विद्यार्थ्यानें पाठ करावा. पालकांस आमची विनंति इतकीच कीं, शेजारचें मूल शाळेंत जाईनासें झालें, तर “आपल्यास काय त्याचें ?” असें न म्हणतां त्याच्या दारीं जाऊन विचारावें. आम्हीही यापुढें पंधरा दिवस थांबणार नाहीं.