परसातील पुनर्नवा आणि हातकागद

मुळशी तालुक्यात आषाढ लागला, भातलावणी सुरू झाली, की तातडीच्या दुखण्याखेरीज कोणी दवाखान्याची पायरी चढत नाही. या मोकळ्या वेळात गेली काही वर्षे आम्ही दोन छंद जोपासले आहेत : दवाखान्यामागील परसबाग आणि हाताने कागद तयार करणे. व्यवसायबंधूंनी सौम्यपणे हसावे असेच हे छंद! आम्हीही त्यांकडे विरंगुळा म्हणूनच पाहत होतो. एका चुकीमुळे ती दृष्टी बदलली.

शोथाने त्रस्त एका वृद्ध रुग्णेस आम्ही पुनर्नवेचा क्वाथ योजला होता. अपेक्षित उपशय मिळेना. त्याच सुमारास वांग्याच्या वाफ्यातील तण काढताना तांबडी घेटुळी आणि वसू या दोन वनस्पती शेजारी शेजारी वाढलेल्या दिसल्या. दोन्ही जमिनीलगत पसरणाऱ्या, दोहोंची पाने समोरासमोर आणि जोडीतील एक लहान, एक मोठे. परंतु घेटुळीची इवली गुलाबी फुले लांब देठांवर झुबक्याने येतात व तिची चिकट फळे वस्त्राला चिकटतात. वसूचे पान मांसल, आणि फूल एकटे, पानाच्या बगलेत दडलेले. आम्ही तडक आत जाऊन पंचांगाचा डबा पांढऱ्या कागदावर ओतला. त्यात बव्हंशी वसूच निघाली.

वसूस श्वेत पुनर्नवा मानणारा एक पक्ष आहे, हे आम्ही जाणतो. तथापि आम्हांस अभिप्रेत होती रक्तपुनर्नवा, आणि पुडक्यावर नावही तेच होते. विक्रेत्याला दोष देणे सोपे; पण नावावर विसंबून माल न पाहता भरून घेणारे आम्हीच होतो. रुग्णेच्या तपासण्या करून घेऊन उपचार नव्याने बसविला. तिचे काही बिघडले नाही, हे आमचे भाग्य.

औषधी नावाने व रूपाने कोण ओळखतो, हे सांगताना चरकाचार्यांनी गुराखी, मेंढपाळ आणि वनवासी यांची नावे घेतली आहेत. आम्ही मात्र द्रव्यगुणाच्या प्रात्यक्षिकासाठी केलेले हर्बेरियम गुण मिळताच माळ्यावर टाकले होते. नंतर काढून पाहिले तेव्हा त्याचा कागद पिवळा पडून कडांना तुटत होता.

कागदाचा विचार तेथून सुरू झाला. लाकडाच्या स्वस्त लगद्यात लिग्निन उरते, त्यामुळे तो कागद कालांतराने पिवळा व ठिसूळ होतो. सुती चिंध्यांच्या हातकागदात हा दोष नसतो. ही विद्या आपल्या जिल्ह्याला नवी नाही. जुन्नरचा कागद एकेकाळी प्रसिद्ध होता. पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुरा त्याच व्यवसायाचे नाव धारण करून आहे. गांधीजींच्या प्रेरणेने १९३४ साली वर्ध्यास स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातकागदाचा पुरस्कार केला, आणि १९४० साली पुण्यात के. बी. जोशी यांनी हातकागद संस्था उभी केली.

गंमत अशी की या कृतीची परिभाषा वैद्याला परकी वाटत नाही. जुने कागदी तंतू मऊ करण्यासाठी चुना आणि सज्जीखार वापरीत. आपला सर्जिक्षार तो हाच. पुढे कांडणे, धुणे, पेजेचा लेप देणे व गुळगुळीत दगडाने घोटणे. आमची कृती त्याहून साधी आहे. सुती चिंध्यांचे बारीक तुकडे व परसातील अंबाडीची साल क्षारोदकात शिजवितो, स्वच्छ धुतो आणि लगदा होईपर्यंत कुटतो. तो पाण्यात कालवून जाळीच्या चौकटीवर उचलतो, सुती कापडावर उलटतो, दाबतो आणि वाळवितो. पेज अर्थातच आंबेमोहोराची! येथील पावसात कागद वाळणे दुरापास्त, म्हणून लगदा वळवून ठेवावा व कागद दिवाळीनंतर काढावा, हे आम्ही बुरशीकडून शिकलो.

अंबाडीने आम्हांस दुहेरी आनंद दिला. कोवळी पाने भाजीला आणि जून खोडाची साल कागदाला. अळू सांडपाण्यावर, दोडका व पडवळ मांडवावर; शेवग्याला मात्र साचलेले पाणी सोसत नाही, त्याला उंचवटाच हवा. चरकसंहितेतील शाकवर्ग व हरितवर्ग सकाळी वाचावा आणि सायंकाळी वाफ्यात पाहावा, यासारखा अभ्यास नाही. बागेत गोगलगायी येतात, त्यांचे गुणगान मात्र आम्ही करणार नाही.

फार्मसीचालकांसाठी एक सूचना. हातकागद सुंदर असला तरी ओल शोषतो. क्षार, लवण आणि गुग्गुळकल्प त्यात बांधू नयेत, त्यांना काचेची बरणीच योग्य. चूर्णाच्या पुड्या पावसाळ्यात आठवड्यापेक्षा अधिक दिवसांच्या देऊ नयेत. आणि वृत्तपत्राच्या कागदात तर काहीच बांधू नये. छपाईच्या शाईमुळे खाद्यपदार्थांबाबत तसा इशारा केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ सालीच दिला आहे.

आमचा हातकागद प्रामुख्याने नमुन्यांसाठी आहे. फूल, फळ व मूळ यांसह वनस्पती टीपकागदात दाबतो. पावसाळ्यात तो टीपकागद दिवसातून दोनदा बदलावा लागतो. वाळलेला नमुना सुमारे ४२ बाय २९ सेंटिमीटरच्या पृष्ठावर दोऱ्याने टाचतो. खाली स्थान, दिनांक आणि स्थानिक नाव. शेजारच्या पाकिटात त्याच वनस्पतीचे बाजारात मिळते तसे शुष्क तुकडे, कारण आपल्या हाती येते ते त्याच रूपात.

आता माल आला की औषधे देणाऱ्या मावशी प्रथम ते पृष्ठ काढून टेबलावर ठेवतात, भिंग घेऊन बसतात आणि मगच डबा भरतात. गेल्या आश्विनात त्यांनी एक पोते परत पाठविले. त्या दिवशी आम्ही पुण्यास गेलो होतो, परतल्यावर समजले.