श्रींच्या मंडपातील नाटक आणि लेखकाचे ऋण

महाभारत लिहून घेण्यासाठी व्यासमहर्षींनी गणरायाची प्रार्थना केली, तेव्हा सांगणे मध्येच खंडित होता कामा नये, अशी अट गजाननाने घातली. अर्थ उमगल्यावाचून अक्षर लिहू नये, अशी अट व्यासांनी घातली. कार्यारंभीच दोघांची बोली झाली, अशी ही प्रसिद्ध कथा. श्रींच्या मंडपात नाटक उभे राहते, तेव्हा या बोलीचे स्मरण आम्हांस होते.

उत्सवाच्या नाटकात पडद्यांचे भाडे ठरते, पेटी-तबलावाल्यांची बिदागी ठरते. ज्याच्या शब्दांवर हा सारा डोलारा उभा, त्या नाटककारास मात्र पुष्कळदा साधे पत्रही जात नाही. पुस्तक विकत घेतले म्हणजे प्रयोगाचा हक्कही मिळाला, हा समज चुकीचा आहे. प्रयोगाची अनुमती लेखकाकडून वा त्याच्या वारसांकडून निराळी घ्यावयाची असते.

आपल्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हा हक्क लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षे टिकतो. किर्लोस्कर, देवल, गडकरी, खाडिलकर यांची नाटके आता सर्वांची झाली आहेत. आचार्य अत्रे १९६९ साली निवर्तले. त्यांच्या नाटकांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे.

१९५७ च्या या कायद्याने भाविकांना एक सवलतही दिली आहे. हौशी मंडळाने विनामूल्य प्रेक्षकांपुढे, अथवा धार्मिक संस्थेच्या साहाय्यार्थ केलेला प्रयोग, कलम ५२ अन्वये हक्कभंग ठरत नाही. मात्र व्यावसायिक नाटक मंडळीने तिकीट लावून केलेल्या प्रयोगास ही सवलत नाही. शिवाय कलम ५७ प्रमाणे कृतीवर आपले नाव असावे आणि मानहानी होईल अशी तिची मोडतोड होऊ नये, हा लेखकाचा अधिकार अबाधितच आहे. मनास येईल तसे प्रवेश गाळणे, संवादांत पदरचे विनोद घुसडणे आणि फलकावर लेखकाचे नावही न लिहिणे, यास भक्तीचे पांघरूण कसे घालावे?

कायद्याने सूट दिली, म्हणून ऋण फिटत नाही. ज्ञान देणाऱ्याचे ऋण मानणे, ही आपल्या धर्माचीच शिकवण. तालमीपूर्वी लेखकास वा वारसांस एक विनंतीपत्र, फलकावर ठळक नाव, आणि प्रयोगानंतर श्रींच्या प्रसादासह यथाशक्ती मानधन, एवढे केले तरी पुरे. ज्या देवाने स्वतः लेखणी हाती धरली, त्याच्या अंगणात लेखक उपेक्षित राहू नये, एवढेच आमचे मागणे.