शेवटचे आले, ते आधी गेले. आणि कार्ड अडकले

चांगी बिझनेस पार्कात संगणकाची नोकरी आणि ईस्ट कोस्टला घर, अशी मराठी कुटुंबे सिंगापुरात बरीच. तिथून काही किलोमीटर आत, उबीत, ॲझटेक कंपनीची इमारत आहे. लॅमिंग्टन रोडवर पीसी असेंबल करून घेतलेल्यांना सिंगापूरच्याच क्रिएटिव्हचे, १९८९चे ‘साउंड ब्लास्टर’ हे साउंड कार्ड आठवेल. ॲझटेकचे ‘साउंड गॅलेक्सी’ त्याचे प्रतिस्पर्धी. ही कार्डे बाजारातून कधीच गेली. त्यांचे ड्रायव्हर मात्र लिनक्समध्ये टिकून राहिले आणि २०२२मध्ये त्यांतली एक चूक दुरुस्त करावी लागली.

ड्रायव्हर सुरू होताना एकेक गोष्ट मागून घेतो: मेमरी, पोर्ट, इंटरप्ट. मध्येच काही बिनसले, तर घेतलेले सगळे परत करायचे, तेही उलट्या क्रमाने. पूर्वी हे हाताने लिहावे लागे आणि एखादी ओळ हमखास राहून जाई. २००७मध्ये लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ‘डेव्हरेस’ ही सोय आली. घेतलेल्या वस्तूंची नोंद कर्नलच ठेवतो आणि शेवटून सुरुवात करून सोडतो.

सोय उत्तम. म्हणूनच २०२१मध्ये लिनक्सच्या ध्वनिविभागाचे प्रमुख ताकाशी इवाई यांनी जुने ड्रायव्हर तिच्यावर आणले.

घोटाळा इथेच झाला. ड्रायव्हर सर्वांत आधी ‘कार्ड’ हा मुख्य ऑब्जेक्ट बनवतो, पोर्ट नंतर घेतो. उलट्या क्रमात पोर्ट आधी सुटतात, कार्ड शेवटी. पण कार्ड मोडताना चालणारे आवराआवरीचे फंक्शन चिप शांत करायला त्याच पोर्टांना हात लावू शकते! वर माणूस चढलेला असताना शिडी काढून घ्यावी, तसे. कार्डाची नोंदणी पूर्ण झाली असेल तर ध्वनिविभाग कार्ड आधी मोडण्याची व्यवस्था करतो. त्याआधीच काही फसले, तर ती व्यवस्था नसते. नेहमीच्या वापरात त्यामुळे काहीच जाणवत नाही. चाचणीतही अशी वाट सहसा कुणी धरत नाही.

एप्रिल २०२२मध्ये इवाईंनी एकामागून एक पॅच काढले. त्यांत ॲझटेकचे ‘गॅलेक्सी’ आणि ‘एझेडटी३३२८’ होते, क्रिएटिव्हचे ‘सीए०१०६’ही होते. उपाय छोटा: सुरुवातच फसली तर कार्ड आधी, स्पष्टपणे मोडायचे, बाकीचे डेव्हरेस पाहील. मे २०२२च्या ५.१८ आवृत्तीत हे बदल आहेत. ड्रायव्हर लिहिणाऱ्यांनी ते जरूर वाचावेत आणि आपल्या कोडमध्ये मुद्दाम अर्ध्यात अपयश घडवून पाहावे.