संगणक पुन्हां सुरू कसा होतो?

निजलेल्या मनुष्यास स्वतःला हांक मारून उठवितां येत नाहीं. दुसऱ्या कोणीं तरी उठवावें लागतें, अथवा निजण्यापूर्वीं गजर लावून ठेवावा लागतो. संगणकाची स्थिति अशीच आहे. पडद्यावरील ‘रीस्टार्ट’ हा शब्द दाबला कीं यंत्र आपोआप पुन्हां सुरू होतें, असें पाहणारास वाटतें. वस्तुतः यंत्राचा सारा कारभार पाहणारें कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, हें काम एकट्यानें करूं शकत नाहीं.

आवराआवर मात्र त्याच्या हातची असते. चालू कामांस थांबण्याची सूचना देणें, डिस्कवर उतरावयाचा राहिलेला मजकूर उतरविणें, जोडलेलीं उपकरणें स्वस्थ करणें, हें सर्व तें करतें. पुढें अडचण येते. घरोघरच्या संगणकांत सामान्यतः आढळणाऱ्या इंटेल घराण्याच्या प्रोसेसरला ‘मूळ स्थितीस जा’ असें सांगणारी आज्ञाच नाहीं. ‘रीसेट’चा संकेत बाहेरून यावा लागतो.

यावर १९८४ सालच्या आयबीएम पीसी-एटी या यंत्रांत एक चमत्कारिक तोड निघाली. त्यांतील ८०२८६ हा प्रोसेसर एकदां संरक्षित अवस्थेंत गेला कीं रीसेटवांचून मागें परतत नसे. तेव्हां कीबोर्डवर देखरेख करणाऱ्या चिपची एक तार रीसेटच्या कामीं लावण्यांत आली. त्या चिपला ठराविक अंक पाठविला कीं प्रोसेसर मूळ स्थितीस येई. ही युक्ति लिनक्सचें कर्नेल अद्यापि वापरतें.

पुढें फर्मवेअरनें, म्हणजे यंत्राच्या बोर्डावरच साठविलेल्या प्रणालीनें, अधिक सुव्यवस्थित मार्ग दिले. १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एसीपीआय या नियमसंग्रहाच्या २००० सालच्या आवृत्तींत रीसेटची सोय आली. कोणत्या जागीं कोणता अंक लिहावा, हें फर्मवेअर एका तक्त्यांत नमूद करून ठेवतें. यूईएफआय पद्धतींत तर फर्मवेअरचें एक स्वतंत्र कार्यच कर्नेलला हांक मारण्यासाठीं तयार असतें.

परंतु तक्ता कधीं चुकीचा असतो, तर कधीं कीबोर्डची चिपच नसते. यंत्र मध्येंच अडकलें तर काय? समोरच्या यंत्राची कळ हातानें दाबतां येईल; पण दूरच्या निर्मनुष्य खोलींतील यंत्र ना उत्तर देईल, ना हुकूम ऐकेल. कोणास तरी तेथवर जावें लागेल. म्हणून लिनक्स एका उपायावर विसंबत नाहीं. सामान्यतः तें प्रथम एसीपीआय, मग कीबोर्डची चिप, असे दोन्ही उपाय आळीपाळीनें दोनदां करतें. तरीहि यंत्र चालूच राहिलें तर यूईएफआयला, आणि तें नसल्यास जुन्या बायोसला विनवितें. ज्या यंत्रांना निराळा उपाय मानवतो, त्यांची यादीहि तें जवळ बाळगतें.

यांपैकीं एक उपाय लागू पडला कीं प्रोसेसर आपल्या ठरलेल्या पहिल्या पत्त्यापासून वाचूं लागतो. तेथें फर्मवेअर असतें. तें यंत्राची तपासणी करून नवें कर्नेल स्मृतींत आणवितें. आपली शेवटची आज्ञा पाळली गेली, हें पाहण्यास जुनें कर्नेल उरत नाहीं. तें उरलें, तर आज्ञा पाळली गेली नाहीं, एवढेंच समजावें.