एका आदेशाला दीड सेकंद

१९८९ साली पूर्व जर्मनीची लोकसंख्या होती सुमारे १ कोटी ६४ लाख, म्हणजे आजच्या मुंबई महानगराहूनही कमी. एवढ्या लोकांवर पाळत ठेवायला तिथल्या सरकारने ‘स्टासी’ या खात्यात ९१ हजार पूर्णवेळ माणसं नेमली होती. त्यांच्या दिमतीला सुमारे १ लाख ८९ हजार खबरे होते. त्यांत शेजारी, सहकारी, डॉक्टर, पाद्री असे सगळे आले. बेरीज करून भागाकार केला, की दर ५८-५९ माणसांमागे एक जण कान टवकारून बसलेला. तान्ही बाळं धरून.

कोण खबऱ्या निघेल याचा नेम नव्हता. वेरा लेंग्सफेल्ड या तिथल्या सरकारविरोधी चळवळीतल्या कार्यकर्त्या. राजवट कोसळल्यावर त्यांच्यावरची कागदपत्रं उघड झाली, तेव्हा कळलं की ‘डोनाल्ड’ या टोपणनावाने त्यांच्या बातम्या पुरवणारा माणूस त्यांचा नवराच होता.

काम मोठ्या नेटाने चालायचं. टपालाची रोज सुमारे ९० हजार पत्रं या खात्याच्या हाताखालून जात. संशयास्पद वाटेल ते पाकीट वाफेवर उघडायचं, वाचायचं, नक्कल करायची आणि पुन्हा चिकटवून पुढे धाडायचं. लोकांच्या वासाचाही साठा होता. चौकशीला बोलावलेल्या माणसाला खुर्चीवर बसवत. त्या खुर्चीवर आधीच एक फडकं अंथरलेलं असे. माणूस निघून गेला की ते फडकं चिमट्याने उचलून काचेच्या बरणीत घालायचं, झाकण घट्ट लावायचं, वर चिठ्ठी डकवायची. उद्या एखादं पत्रक सापडलं, तर ते कोणाच्या हातचं हे कुत्र्याला हुंगवून ठरवता यावं म्हणून. लोणच्याच्या बरण्यांसारख्या या बरण्या फळीवर ओळीने मांडलेल्या असत.

या सगळ्यातून जे दफ्तर साचलं, ते एकाला एक लावून उभं केलं तर १११ किलोमीटर भरतं. सीएसएमटीहून निघालात तर कर्जत मागे टाकून घाट चढायला लागाल. शेवटच्या दिवसांत अधिकाऱ्यांनी कागद फाडायला सुरुवात केली. यंत्रं दमली, तेव्हा हातांनी फाडले. जानेवारी १९९० मध्ये लोक बर्लिनच्या मुख्यालयात घुसले. तोवर फाटलेल्या कपट्यांची सुमारे १६ हजार पोती भरली होती. ते कपटे जुळवण्याचं काम १९९५ पासून चालू झालं. पहिल्या वीस वर्षांत जेमतेम ५०० पोती जुळली. त्याच गतीने उरलेली जुळवायची तर ६०० वर्षं लागतील. आजपासून तेवढं मागे गेलं तर आपल्याकडे बहमनी राज्य चालू होतं.

आणि एवढा खटाटोप करूनही आपलं सरकार पडणार आहे, याचा पत्ता स्टासीला वेळेत लागला नाही तो नाहीच.

स्टासीचं घोडं अडायचं ते माणसांवर. पत्र वाचायला डोळे लागत, फोन ऐकायला कान लागत, आणि त्या डोळ्याकानांना पगार, रजा, झोप द्यावी लागे. पुढे ती अडचण संपली. जून २०१३ मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी अमेरिकेच्या ‘एनएसए’ या गुप्तचर संस्थेचे कागद जगापुढे आणले. त्यांत एक नकाशा होता. त्या वर्षीच्या मार्चमध्ये तीस दिवसांत या संस्थेने जगभरातल्या संगणक जाळ्यांतून ९,७०० कोटी नोंदी उचलल्याचं त्यावर दिसत होतं. या नोंदी म्हणजे मजकूर नव्हे. कोणी, कोणाशी, कधी, कुठून, एवढाच तपशील. एका सेकंदाला एक नोंद नुसती नजरेखालून घालायची म्हटली, तर रात्रंदिवस बसून तीन हजार वर्षं लागतील. भारताच्या वाट्याच्या नोंदी ६३० कोटी होत्या. दर सेकंदाला सुमारे २,४०० पडल्या. इराण, पाकिस्तान, जॉर्डन आणि इजिप्तनंतर आपला पाचवा नंबर होता. आपल्याला हे कोणी विचारलं नव्हतं, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेतल्या घरच्या फोन-नोंदींसाठी या संस्थेचा हिशेब आणखी मजेशीर होता. संशयितापासून तीन पावलं जायची मुभा होती. तो ज्यांच्याशी बोलला ते पहिलं पाऊल, ते ज्यांच्याशी बोलले ते दुसरं, आणि ते ज्यांच्याशी बोलले ते तिसरं. प्रत्येकाचे शंभर संपर्क धरा. पहिल्या पावलाला १००, दुसऱ्याला १० हजार, तिसऱ्याला १० लाख. नावं पुन्हा पुन्हा येतील म्हणून निम्मी वजा केली तरी एका संशयितापायी पाच लाख माणसं जाळ्यात. त्यांतली बहुतेक पिझ्झा पोचवणारी, दाताच्या दवाखान्यात फोन उचलणारी.

ओरड झाली, २०१५ मध्ये कायदा बदलला, पावलं दोनवर आली. तरी २०१७ या एका वर्षात या संस्थेने ५३ कोटी ४० लाख फोन-नोंदी गोळा केल्या, आणि आदेशांतली लक्ष्यं होती अवघी ४०. या बेरजेत एकच नोंद अनेकदा धरलेली आहे, हे मान्य. तरीही एका लक्ष्यामागे १ कोटी ३३ लाख नोंदी होतात. पुढे या सुधारित योजनेचा लेखाजोखा तिथल्या सरकारच्याच एका देखरेख मंडळाने मांडला. चार वर्षं, १० कोटी डॉलर खर्च, आणि त्यातून पुढे सरकलेला महत्त्वाचा तपास फक्त एक. २०१९ मध्ये संस्थेने ती योजना गुंडाळलेली होती.

सगळं गोळा करा, मग बघू, या धोरणाचा हा निकाल आहे. पण अमेरिकेच्या बाबतीत एक गोष्ट मानावी लागते. या सुधारित योजनेचे आकडे तिथल्याच सरकारी अहवालांनी छापले, म्हणून मला इथे भागाकार करता आला.

आता आपल्याकडे येऊ.

भारतात फोन टॅप करायचा कायदा १८८५ चा, तारेच्या जमान्यातला. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, पण तारेचा कायदा त्यानंतरही दशकभर मोबाइलवर राज्य करत होता. त्याच्या जागी २०२३ चा दूरसंचार कायदा आला, २०२४ च्या डिसेंबरमध्ये नवे नियम आले. मूळ घडी मात्र तीच राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ती १९९६ मध्ये ‘पीयूसीएल’ या नागरी हक्क संघटनेच्या खटल्यात घालून दिली होती. केंद्राचा आदेश केंद्रीय गृहसचिवांनी काढायचा, राज्याचा राज्याच्या गृहसचिवांनी. मग एका पुनरावलोकन समितीने तो तपासायचा. केंद्रात मंत्रिमंडळ सचिव तिचे अध्यक्ष आणि आणखी दोन सचिव सदस्य. न्यायाधीश यात कुठेच नाही. सही करणारं सरकार, तपासणारंही सरकार.

आदेश निघतात तरी किती? माहिती अधिकारात केंद्रीय गृह मंत्रालयाने एकदा उत्तर दिलं होतं की महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,०००. हे फक्त केंद्राचे, राज्यांचे वेगळे. ९,००० धरले आणि महिन्याचे कामाचे दिवस २२ धरले, तर गृहसचिवांच्या टेबलावर रोज ४०९ आदेश येतात. आठ तास त्यांनी दुसरं काहीही केलं नाही, म्हणजे सीमा, दंगली, संसदेची उत्तरं, मंत्र्यांचे फोन सगळं बाजूला ठेवलं, तर एका आदेशाला ७० सेकंद मिळतात. त्यात नाव वाचायचं, कारण वाचायचं, दुसऱ्या मार्गाने ही माहिती मिळेल का याचा विचार करायचा आणि सही करायची.

समितीचं गणित याहून बिकट. नियमाने ती दोन महिन्यांतून निदान एकदा बसते. म्हणजे तिच्यापुढे एका बैठकीत १५ ते १८ हजार आदेश येतात. हा आकडा माझा नाही. मुंबई दंगलीच्या चौकशीमुळे महाराष्ट्राला परिचित असलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने २०१८ च्या विदासंरक्षण अहवालात तो नोंदवला आणि हे काम अवास्तव असल्याचं स्पष्ट म्हटलं. पुढचा भागाकार माझा. तीन सचिव सकाळी दहाला बसले, चहाला उठले नाहीत, जेवले नाहीत आणि संध्याकाळी सहाला उठले, तर १८ हजार आदेशांना २८,८०० सेकंद मिळाले. दर आदेशाला १.६ सेकंद.

एक आदेश एका पानाचा धरला तरी या बैठकीला कागदाची ३६ रिमं लागतात. एकावर एक रचली की पुरुषभर उंचीचा गठ्ठा होतो. त्यातलं एक पान उचलून उलटं ठेवायलाच दीड सेकंद जातो. वाचायला उरला दशांश एक. या समितीला देखरेख म्हणणं ही शुद्ध थट्टा आहे, आणि ती कायद्यात लिहिलेली आहे.

सुटून गेलेला आदेश कसा दिसतो, याचं एक उदाहरण मुंबईतच आहे. २००९-१० मध्ये एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्यासाठी तीन आदेश निघाले. प्रकरण लाचखोरीचं होतं. कायद्याला लागते सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षेचा प्रश्न. इथे दोन्ही नव्हतं. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१९ मध्ये तिन्ही आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. कायद्याचं उत्तर मिळायला दहा वर्षं लागली. तेही खटला उभा राहिला, म्हणून त्या गृहस्थाला आपला फोन ऐकला गेल्याचं कळलं. ज्याच्यावर खटलाच भरला जात नाही, त्याला आपल्या कायद्यात कोणी कधीच कळवत नाही. जर्मनीत पाळत संपल्यावर सामान्यतः त्या माणसाला कळवावं लागतं. स्टासीच्या फायली तर १९९२ पासून ज्याच्या त्याला खुल्या आहेत, आणि आजवर ३० लाखांहून अधिक अर्ज लोकांनी आपल्यावरची पानं पाहायला केले आहेत.

दहशतवाद खरा आहे, आणि २६/११ पाहिलेल्या शहराला ते कोणी शिकवायला नको. काही फोन ऐकावेच लागतात. पण २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. तो ज्या सहीने काढून घ्यायचा, त्या सहीच्या तपासाला १.६ सेकंद पुरत नाहीत. आदेश मंजूर करायचं काम न्यायाधीशाकडे हवं, आणि ते झेपेल इतकेच आदेश निघायला हवेत. तेवढं होईपर्यंत निदान चार आकडे दरवर्षी छापावेत: आदेश किती मागितले, किती नाकारले, समितीने किती रद्द केले, आणि किती जणांना नंतर कळवलं. यात कोणाचं नाव नाही, देशाचं कुठलंही गुपित फुटत नाही. आपल्या खासदाराला पुढच्या अधिवेशनात एवढा एक तारांकित प्रश्न टाकायला सांगा.