विद्युत्घटाची अग्निपरीक्षा

मार्च २०२२ मध्ये तामिळनाडूतील वेल्लोर येथे रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या विजेच्या स्कूटरने पेट घेतला आणि धुराने गुदमरून एक पिता व त्याची मुलगी यांचा अंत झाला. त्याच वर्षी १२ सप्टेंबर रोजी सिकंदराबादेत विजेच्या स्कूटरांच्या दुकानात आग लागली आणि त्याच इमारतीतील हॉटेलात उतरलेल्यांपैकी आठ जण प्राणास मुकले. त्यानंतर ही वाहने आपल्याकडेही रुळली. गोव्यातील घरांच्या बाल्कांवात स्कूटरला जोडलेली तार रात्रभर लोंबकळताना दिसणे ही आता नवलाई राहिलेली नाही. अशा वेळी, आपल्या उंबरठ्याशी विसावणारी ही बॅटरी कोणी, कशी आणि कितपत तपासली आहे, हे विचारण्याचा नागरिकाला हक्क आहे, असे आम्ही मानतो.

लिथियम-आयन सेलची रचना पाहिली म्हणजे या प्रश्नाचे गांभीर्य ध्यानी येते. धन आणि ऋण अशा दोन अग्रांचे पातळ थर, त्यांच्यामध्ये केसाहूनही बारीक असा प्लास्टिकचा सच्छिद्र पडदा आणि सगळ्यांना भिजवणारा ज्वालाग्राही द्रव, असा हा संसार आहे. पडदा फाटला वा वितळला की आतल्या आत शॉर्ट सर्किट होते, उष्णता वाढते, त्या उष्णतेने रासायनिक क्रिया भडकते आणि ती आणखी उष्णता निर्माण करते. एक सेल पेटला की शेजारचा तापतो. म्हणूनच याची परीक्षा दुहेरी असते. पहिली कार्यक्षमतेची: सेल शेकडो वेळा भरायचा, रिकामा करायचा आणि त्याची साठवणशक्ती कितीवर येते ते मोजायचे. मूळ शक्तीच्या ८० टक्क्यांवर आलेली बॅटरी वाहनाच्या कामातून निवृत्त झाली, असे सामान्यतः समजतात. दुसरी परीक्षा सुरक्षिततेची, आणि ती निष्ठुर असते. या सेलचे एक जनक आणि २०१९ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी अकिरा योशिनो यांनी आपल्या सेलवर लोखंडाचा जड तुकडा टाकून तो पेटत नाही याची खात्री करून घेतली होती. संयुक्त राष्ट्रांच्या वाहतूकविषयक नियमांत आजही ९.१ किलो वजन ६१ सेंटिमीटर उंचीवरून सेलवर पाडण्याची चाचणी आहे. बॅटरीला ७२ अंश सेल्सियसच्या उष्म्यातून उणे ४० अंशांच्या थंडीत आणि पुन्हा उलट असे फिरवले जाते, हादरवले जाते, मुद्दाम शॉर्ट केले जाते, प्रमाणाबाहेर चार्ज केले जाते.

इतके करूनही निर्धास्त राहता येत नाही, हे बोइंग कंपनीच्या ७८७ विमानांनी दाखवून दिले. या विमानाच्या बॅटरीतून धूर येण्याचा प्रसंग एक कोटी उड्डाणतासांत एकदाही येणार नाही, असा कंपनीचा अंदाज होता. एका सेलमधील बिघाड शेजारच्या सेलपर्यंत पोहोचणार नाही, असे चाचण्यांवरून गृहीत धरले गेले होते. जानेवारी २०१३ मध्ये, सर्व विमानांचे मिळून एक लाख उड्डाणतासही झाले नव्हते तोच, असे दोन प्रसंग काही दिवसांच्या अंतराने घडले आणि जगभरची ही विमाने जमिनीवर उतरवावी लागली. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने चौकशीअंती विमान बनवणाऱ्यांबरोबरच त्याला मान्यता देणाऱ्या सरकारी यंत्रणेलाही दोष दिला. दोष उद्भवणारच नाही अशा विश्वासाने घेतलेली परीक्षा अपुरी असते. दोष उद्भवल्यावर काय होईल, हे पाहणारी परीक्षाच खरी.

२०२२ च्या दुर्घटनांनंतर आपल्या केंद्र सरकारने नियम कडक केले. दुचाकींच्या बॅटरीसंबंधीचे सुधारित मानक डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एका सेलची आग बाकीच्यांत पसरते काय, हे पाहणे त्यात आले. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु प्रश्न येथे संपत नाही. मडके विकत घेणारी गृहिणी जे मडके घरी न्यायचे त्यालाच टिचकी मारून पाहते. प्रयोगशाळेत मात्र टिचकी एका मडक्याला बसते आणि घरी येते ते दुसरेच. २०१६ साली सॅमसंगच्या नोट ७ या फोनने पेट घेतला. बदलून दिलेले फोनही पेटले. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये कंपनीनेच सांगितले की, दोन पुरवठादारांच्या बॅटरींत दोन निरनिराळे दोष होते. एकीत कोपऱ्याशी ऋण अग्र दुमडले होते, तर दुसरीत जोडकामातील धातूची कुसळे राहिली होती. नमुना चांगला निघाला म्हणून कारखान्यातला प्रत्येक सेल चांगला, असे म्हणता येत नाही, ते यासाठीच.

म्हणून आमचे सांगणे असे की, शासनाने वेळोवेळी दुकानांतून, कोणतीही पूर्वसूचना न देता बॅटऱ्या उचलाव्यात, त्यांची फेरतपासणी करावी आणि निष्कर्ष कंपनीच्या नावासह, लोकांना समजेल अशा भाषेत प्रसिद्ध करावेत. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस सोसणाऱ्या किनारपट्टीवर दमटपणाने जोडण्या गंजतात काय, याकडे विशेष लक्ष द्यावे. जुने सेल जोडून स्वस्तात बॅटरी बांधून देणाऱ्यांनाही या तपासणीतून सूट असू नये. ग्राहकानेही परका चार्जर वापरू नये, फुगलेली बॅटरी लगेच दूर करावी आणि घराबाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर स्कूटर चार्जिंगला लावू नये.

विजेच्या वाहनांना आमचा विरोध नाही. धूर ओकणाऱ्या इंजिनांपासून सुटका व्हावी, ही आमचीही इच्छा आहे. परंतु नव्या वस्तूची परीक्षा प्रयोगशाळेत पुरी व्हावयास हवी. ती आपल्या ओसरीवर, निजलेल्या लेकरांच्या साक्षीने होता कामा नये.