वजाबाकी कुठून करायची

फरीदाबादेत मथुरा रोडच्या बाजूला ‘धर्मकांटा’ अशा पाट्या जागोजाग दिसतात. कारखान्यांचं गाव हे. ट्रक रिकामा तोलायचा, मग भरून तोलायचा. वजाबाकी करायची, तो माल. सतरा वर्षं मी या पाट्यांवरून गेले असेन, पण ताईच्या वजनाची वही माझ्याकडे आली तेव्हापासून त्या मला दिसायला लागल्या. आमच्याकडेही वजाबाकीच करायची होती. ती कोणत्या आकड्यातून करायची, हेच आधी ठरत नव्हतं.

वहीतली पहिली नोंद नोव्हेंबरातली, ओपीडीतली. चपला काढून ११२.४ किलो, उंची १५८ सेंटिमीटर, बीएमआय ४५. नऊ वर्षांचा मधुमेह आणि जिना चढताना कठड्याला धरणारा हात. वजन उतरवण्याच्या शस्त्रक्रियेच्या नावाला घरून विरोध झाला नाही. आम्ही मूळचे नागपूरचे. तिथल्याच नितीन गडकरींनी २०११मध्ये अशी शस्त्रक्रिया करून घेतल्याचं आईला ठाऊक होतं.

ऑपरेशनआधी दोन आठवडे अगदी मोजका आहार होता. यकृताचा डावा भाग जठरावर पसरलेला असतो आणि दुर्बिणीतून काम करताना तो उचलून धरावा लागतो. चरबीनं फुगलेलं यकृत या आहारानं आक्रसतं, मग सर्जनला जागा मिळते. ताईला मात्र वेगळीच धास्ती. विमा नियामकाच्या २०१९च्या नियमांत खर्च मिळण्यासाठी बीएमआय किमान ४० हवा, किंवा ठरावीक गंभीर सहव्याधी असतील तर ३५. “आत्ताच उतरलं तर नाकारतील का गं?” असं तिनं मला तीनदा विचारलं. बारीक होण्यासाठी दारात उभं राहायचं आणि बारीक झालो म्हणून दार बंद होईल याची भीती बाळगायची, हे तिच्या वाट्याला यायला नको होतं. ऑपरेशनच्या सकाळी काटा १०७.९ दाखवत होता. बीएमआय अजून ४३ होता, तेव्हा ती भीती मिटली.

ताईच्या ‘स्लीव्ह’ नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा ७५ ते ८० टक्के भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. भूक जागवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागातच तयार होतं, म्हणून भूकही मावळते. डिसेंबरात हे झालं. घरी आल्यावर ताई रोज काट्यावर चढायला लागली. जानेवारीच्या धुक्यात स्वेटर, मोजे, शाल, सगळ्यासकट. एका सकाळी सहाशे ग्रॅम वाढले म्हणून ती नाश्त्याचं पाणीही घेईना. मी शाल आणि स्वेटर काट्यावर ठेवून दाखवले, तेव्हा घोट घेतला. मग आम्ही नियम केला: सोमवार, सकाळी, संडासला जाऊन आल्यावर, पातळ गाऊनवर, एकच काटा, आणि काट्याचे पाय फरशीच्या सांध्यावर नकोत.

तिसऱ्या आठवड्यात आकडा १००.२वर थांबला. सोमवार गेला, पुढचा सोमवारही गेला. वाटीभर डाळीचं पाणी संपवायला अर्धा तास घेणाऱ्या बाईचं वजन हलत नाही, हे पाहताना मलाही रडू आलं. डायटिशियननं समजावलं. सुरुवातीला शरीर साठवलेलं ग्लायकोजेन वापरतं आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जातं. म्हणून पहिले किलो भराभर उतरतात. पुढे पाण्याचा तोल सावरताना काटा अडतो, आत चरबी जळत असली तरी. “दीदी, इंच टेप लाई हो?” असं म्हणून तिनं शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर टेप धरली. वजन अडलेल्या त्या दिवसांत घेर तीन सेंटिमीटरनं उतरला होता. वहीत नवा रकाना आला.

धर्मकांट्यावर काय गेलं ते ट्रकवाल्याला ठाऊक असतं: वाळू, लोखंड, पुठ्ठा. शरीराचा काटा ते सांगत नाही. तिसऱ्या महिन्यात ताई अनवाणी उभी राहिली, मुठीत दांड्या धरल्या, आणि शरीरातून सौम्य वीज सोडून मशीननं अंदाज दिला: उतरलेल्यात स्नायूही होते. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं हवीत आणि पोटात अर्धी वाटी मावते. हे गणित घरात रोज मांडावं लागतं. पनीर आधी, पोळी शेवटी, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासानं. चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळू लागले. वजन झपाट्यानं उतरलं की असं होतं आणि बहुतेकदा केस परत येतात, हे माहीत असूनही मी कंगवा तिच्यासमोर साफ करत नसे. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व यांचे रकाने वाढले. तीन महिन्यांची सरासरी साखर ९.१वरून ५.९वर आली, आणि त्या दिवशी मी वहीत पहिल्यांदा लाल पेन वापरलं.

वर्षानं ७७ किलो. मग तोच जुना प्रश्न: प्रगती किती? ओपीडीच्या आकड्यातून वजा केलं तर ३१.५ टक्के, ऑपरेशनच्या सकाळपासून २८.६. ‘जादा वजन’ किती उतरलं ते पाहिलं तर बीएमआय २५ आदर्श धरल्यावर ७१ टक्के, आशियाई लोकांसाठी २३ धरलं तर ६४. बाई तीच, शरीर तेच. मी ओपीडीचा आकडा धरला. ते उपाशी दोन आठवडेही तिनेच काढले होते, ते मोजणीतून वगळायला माझं मन तयार झालं नाही.

जाहिरातींतली ‘आधी-नंतर’ची छायाचित्रं साधारण याच टप्प्यावर थांबतात. बरेच लोक लिहिणंही इथेच सोडतात, आणि मला ते सर्वांत घातक वाटतं. स्वीडनमध्ये १९८७पासून चाललेल्या मोठ्या अभ्यासात अशा शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली गेलं, मग काहीसं परत चढलं. तरी जठराचा बायपास झालेल्यांचं दहा वर्षांनीही मूळ वजनापेक्षा सरासरी २५ टक्के कमी होतं. ताईची शस्त्रक्रिया वेगळी, पण चढाची शक्यता तिलाही आहे. वजन नोंदवत राहिलं तरच तो चढ वेळेत दिसेल.

अठराव्या महिन्यातला सोमवार. टाउन पार्कात फेऱ्या मारून आल्यावर ती काट्यावर चढली. ७९.३. मी थांबले. तिनेच पेन घेतलं, आकडा लिहिला, आणि घेराचा रकाना रिकामा पाहून म्हणाली, “टेप दे गं.”